सायकलची सोयरीक

"हिचं आजोळ कोठचं हाये?"

चिखलीच्या शोरूममध्ये त्र्यंबकभाऊंनी हे विचारलं तेव्हा काउंटरवरच्या निकिता मॅडमला वाटलं, आपलंच विचारताहेत. ती बिचारी म्हणाली, "मेहकर."

"तुमचं नाही बाई. तुमचंबी विचारतो, पण मागून. हिचं सांगा." आणि भाऊंनी समोर उभ्या असलेल्या बॅटरीच्या लांबलचक सायकलकडे हनुवटी केली.

मी शेजारीच उभा होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मॅडम हुशार. तिनं न हसता सांगितलं, की सांगाडा एकीकडे बनतो, मोटर दुसरीकडून येते, बॅटरी तिसरीकडून, आणि सगळं एका कारखान्यात जोडतात. भाऊंचा चेहरा पडला. "म्हणजे तीन घरचे तीन जण," ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "अन् एका छपराखाली. यांचं आपसात पटते का नाही, ते कोण सांगन?"

तर हे आमचे त्र्यंबकभाऊ. चिखलीजवळच्या उंद्री गावात माझ्या घराला लागून त्यांचं घर. मधे एक बुटकी भिंत आहे. तिच्यावर माझ्या बायकोच्या वाळवणाची ताटं असतात आणि उरलेल्या जागेत भाऊंची कोपरं. माझं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या जळक्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची. उन्हाळ्यात मला जेवायला फुरसत नसते. पण भाऊंना त्याचं काय! "सुधाकर, तुले करंटचं समजते, मले खानदानाचं. चाल," एवढं म्हणून ते माझ्या मोटरसायकलवर मागे जाऊन बसतातसुद्धा. मी अजून चावी शोधत असतो.

खानदानाचं मात्र त्यांना खरंच समजतं. जन्म गेला त्यांचा सोयरिकी जुळवण्यात. इकडे बीबी गावापासून तिकडे पार वरवट बकालपर्यंत, एवढ्या मुलखात कोणत्या घरात लग्नाचं पोर आहे, आणि कोणत्या घरात असून सांगत नाहीत, हे त्यांना तोंडपाठ. या कामाचा ते काही मोबदला घेत नाहीत. लग्नात टोपी-उपरणं घ्यायचं, पहिल्या पंगतीला बसायचं, वरण चाखून "मीठ बरोबर हाये" असा निकाल द्यायचा आणि निघायचं.

त्यांच्या कामाचा सगळा जीव चौकशीत. हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. पोराचा बाप, काका, मामा जे काही सांगतात ते मान डोलावून ऐकायचं आणि बाहेर येऊन विसरायचं. खरी चौकशी दुश्मनाकडे. त्या घराशी ज्याचं बांधावरून वाजलेलं आहे, त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. "दोस्त लोक गोडच बोलतात सुधाकर. दुश्मनाच्या तोंडून चुकून जे चांगलं निघते, तेवढंच धरून चालायचं."

शिवाय पोरगा रागात पाहायचा. नवे कपडे घालून पाटावर बसलेला कोणाचाही पोरगा साजराच दिसतो, असं भाऊंचं म्हणणं. म्हणून ते त्याच्या शेतात अवेळी जाऊन धडकायचे. बैलाचं कौतुक करता करता मधेच टोचायचे, "लोक म्हणतात तुमची पेरणी वाकडी असते." मग पोरगा तापतो का, किती वेळ तापतो, आणि तापल्यावर त्याचा हात कुठं जातो, हे पाहून घ्यायचे. एकदा एका पोरानं त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. भाऊ धापा टाकत घरी आले आणि मुलीकडच्यांना म्हणाले, "पोरगा बरा हाये. स्वतः हात उचलत नाही."

आणि चहा! बोलणी पक्की होईस्तोवर भाऊ त्या घरी गोड काही तोंडात घालत नाहीत. गोड खाल्लं की सोयरीक झाली, हा त्यांचा कायदा. त्यामुळे पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडच्या बायका आधी विचारतात, "तिंबकभाऊ हायेत काय सोबत? मंग एक कप बिनसाखरेचा ठेव वं माय." बोलणी लांबली, मन घट्ट होत नसलं, की भाऊ उठतात, डोक्यावरची टोपी सारखी करतात आणि म्हणतात, "कळवतो."

आता असा माणूस सायकलच्या भानगडीत पडला कसा? तर नातीपायी. धनश्री तिचं नाव, आम्ही सगळे धनू म्हणतो. भाऊंची एकुलती एक मुलगी वर्षा सासर सोडून माहेरी आली तेव्हा धनू कडेवर होती. आता आमच्या भिंतीवर चढते आणि वाळवण खाते. वर्षा चिखलीला एका दवाखान्यात नर्स आहे. सकाळच्या बसनं जाते, दिवेलागणीला येते. भाऊंच्या घरची बाई जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे दिवसभर घरात दोघंच, आजोबा आणि नात, आणि त्यांचं असं गूळपीठ की काही विचारू नका. भाऊ तिला सोयरिकीच्या बोलणीलाही नेतात. तिथं ती साखरेचा चहा बशीत ओतून पिते, तिला कायदा लागू नाही. परवा आमच्या दारात केळीवाला आला, तर ही कमरेवर हात ठेवून त्याला विचारते, "घरी कोण कोण हाये?"

बिघडलं ते शाळेवरून. शाळा गावाबाहेर, फाट्याच्या पलीकडे. पोरांना न्यायला एक व्हॅन यायची आणि तिच्यात पोरं कापसासारखी दाबून भरलेली असायची. एका सकाळी भाऊंनी त्या ड्रायव्हरला सवयीप्रमाणे डिवचून पाहिलं. तो तापला. तापल्यावर त्यानं गाडी ज्या तऱ्हेनं वळवली ते पाहून भाऊंनी धनूला हात धरून उतरवलं आणि घरी आणलं. वर्ष सरत आलं होतं, म्हणून तेवढ्यावर भागलं. पण सुट्ट्या लागल्या तशी वर्षा शांतपणे म्हणाली, "बाबा, शाळा उघडायच्या आत हिच्या जाण्यायेण्याचं पक्कं करा. नाहीतर मी चिखलीत खोली घेते अन् हिले तिकडच्या शाळेत घालते. मग आम्ही दोघी तिकडेच राहू."

ती धमकी नव्हती हो. तिच्या बाजूनं तिचं बरोबरच होतं. पण त्या दिवसापासून भाऊंचं जेवणावरचं लक्ष उडालं. धनू गेली तर त्या घरात राहणार कोण? भाऊ आणि आमची भिंत.

मोटरसायकल भाऊंना येत नाही. जन्मभर लोकांच्या मागे बसून फिरले. ज्याला सोयरीक हवी तो न्यायला यायचा आणि तोच आणून सोडायचा. सायकल मात्र अजून झकास चालवतात. विहिरीवरची मेथी, वांगी रोज फाट्यावर नेतात ती सायकलवरच. म्हणून वर्षानंच मोबाइलवर शोधून दाखवलं. बॅटरीची मालवाहू सायकल. मागे लांब कॅरिअर, त्यावर लेकराची खुर्ची, खाली दोन्ही अंगांना भाजीचे क्रेट अडकवायला जागा. दम लागला तर मोटर ओढते, लायसनची कटकट नाही. भाऊंनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "स्थळ वाईट दिसत नाही. चौकशी करू."

झालं! तिथून माझ्या दुकानाचं शटर खाली यायला लागलं.

मॅडमनं एक छापील रंगीत पत्रक दिलं होतं. भाऊ त्याला बायोडाटा म्हणत. भिंतीशी उभं राहून त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"एका चार्जिंगमध्ये भरपूर लांब जाते," मी वाचलं.

"हे कोण म्हणते?"

"कंपनी म्हणते."

"कंपनी म्हणजे पोराची माय. पुढं वाच."

"मजबूत, हलकी आणि देखणी."

"मजबूतबी अन् हलकीबी?" भाऊ म्हणाले. "असं स्थळ मी तर आजवर पाह्यलं नाही."

पत्रकावर एक गोरीपान बाई सायकल चालवत होती आणि मागच्या खुर्चीत तिचं मूल हसत होतं. भाऊंनी त्या मुलावर बोट ठेवलं. "याच्या बुडाखालचा रस्ता पाह्य. एक खड्डा नाही. हे लेकरू हसणारच. याले म्हणा आपल्या फाट्यावरून ये, मंग पाहू किती हसते ते." खरं सांगतो, इथं मला पहिल्यांदा वाटलं, की माणूस दिसतो तेवढा वेडा नाही.

हे वाटणं टिकलं दुसऱ्या खेपेपर्यंत. त्या खेपेला भाऊ शोरूममध्ये सायकलपाशी उकिडवे बसले आणि तिला छळायला लागले. ब्रेक दाबून मागून ढकलायचं, खुर्चीला धरून हिसके द्यायचे, स्टँडला पायानं ठोसे. मॅडम धावत आली. "काका, काय करताय?"

"हिले राग आणून राह्यलो."

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिनं चहा मागवला, तर भाऊंनी कप दूर सारला. "गोड नाही चालत अजून."

"शुगर आहे का काका?"

"मले नाही. बोलणी व्हायची हाये." तिला काही कळलं नाही, पण तिनं सोशिकपणे बिनसाखरेचा मागवला. त्या एका गुणावर भाऊ तिच्यावर खूश झाले. निघेपर्यंत त्यांनी तिचं गाव, घर, भाऊ-बहिणी सगळं काढून घेतलं आणि जाता जाता सांगितलं, "एक पोरगा हाये पाहण्यात. बँकेत हाये. मी तापवून पाह्यला, काही करत नाही." मग टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कळवतो." आता हे कळवतो सायकलीचं होतं की पोराचं, ते तिला कसं समजावं? ती दर दोन दिवसांनी फोन करायची, "काका, कळवणार होतात?" आणि भाऊ फोनवर हात ठेवून मला म्हणायचे, "पोरीले घाई दिसते बे लग्नाची."

एकदा बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, की खामगावात पाण्याचे जार पोचवणारा एक माणूस हीच सायकल चालवतो, दोन पावसाळे झाले. भाऊंचे डोळे चमकले. "त्याचं शेजाऱ्याशी भांडण हाये काय?"

"मला कसं माहीत असेल काका?"

"असतेच," म्हणून भाऊ माझ्या गाडीवर जाऊन बसले.

खामगावात तो जारवाला घरी नव्हता. असता तरी भाऊ त्याला भेटले नसते. आम्ही शेजारच्या ओट्याशी गेलो. एक म्हातारी सुपात गहू निवडत होती. भाऊंनी प्यायला पाणी मागितलं, उन्हाची चौकशी केली, गव्हाची केली, आणि अगदी सहज म्हणाले, "शेजार मोठा चांगला मिळाला हो तुमाले."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"चांगला? मुडदा बशिवला त्याचा! दिवस उजाडला नाही तर घंटी वाजवते मेला. चार्जिंगची वायर माह्या दारातून नेते. पावसाळ्यात चिखलातून येते अन् सारा चिखल माह्या ओट्यावर. म्हनलं, एखाद दिवस तरी बंद पडन मेली, ढकलत आणन, मी डोळे भरून पाहीन. तर नाही! एक दिवस बंद पडली नाही लेकाची! जाराइच्या वरतून दोन दोन लेकरं बशिवते, अन् ती कार्टी निजून जातात त्याच्यावर, तरी कलत नाही!"

भाऊ डोळे मिटून कीर्तन ऐकावं तसे ऐकत होते. तिनं शिव्या दिल्या की मान डोलवायचे. परतीच्या वाटेवर वाऱ्यात माझ्या पाठीमागून ओरडले, "सुधाकर, स्थळ नंबरी हाये!"

मी मनात म्हटलं, सुटलो बाप्पा. कसचं सुटतोय!

आता लेकराच्या वजनानं पाहायचं राहिलं होतं. आणि धनूला बसवायला भाऊ तयार नाहीत. "तिच्यावर कायले पहिला प्रयोग?" म्हणून त्यांनी धनूच्या वजनाएवढी ज्वारी पोत्यात भरली. वर पोत्याला धनूची गुलाबी टोपी घातली. ते पोतं माझ्या आणि त्यांच्या मधे बसवून आम्ही चिखलीला निघालो. रस्त्यात ओळखीचा एक जण गाडी हळू करून विचारतो, "लेकरू आजारी हाये काय हो भाऊ?" भाऊ म्हणाले, "नाही, निजलं." मी गाडी दामटली.

शोरूमच्या मागे एक चांगला चढ आहे. भाऊंनी पोतं मागच्या खुर्चीत टेकवलं आणि सायकल काढली. मोटर ओढत होती, भाऊ नुसते ऐटीत पायडल फिरवत होते. वर जाऊन वळले, उतारावर आले आणि दोन्ही ब्रेक करकचून दाबले. सायकल जागच्या जागी थांबली. पोतं थांबलं नाही. ते भाऊंच्या पाठीवर आदळलं, तिथून बाजूला घसरलं, त्याचं तोंड सुटलं आणि ज्वारी रस्ताभर. मिनिटात साऱ्या चिखलीतल्या चिमण्या तिथं हजर.

"पाह्यलं?" भाऊंच्या हातात ती गुलाबी टोपी होती आणि तोंडावर रंग नव्हता. "पडली पोट्टी!"

"भाऊ, ज्वारीले हात असतात काय धरायले?" मी कावलो होतो. "धनू धरून बसन की!"

"अन् निजली तर? शाळेतून येताना लेकरू निजते. निजलं का लेकराची ज्वारीच होते, सुधाकर."

मॅडमनं मग खुर्चीचे पट्टे काढून दाखवले. दोन खांद्यांवरून, एक कमरेला. पाय ठेवायला झाकलेली जागा, चाकात पाय जाऊ नये म्हणून जाळी, दोन्ही अंगांना कठडा. हे सगळं पहिल्यापासून तिथं होतं, पण भाऊ कधी तिला बोलू देतील तर! उरलीसुरली ज्वारी गोळा करून पट्ट्यांत आवळली आणि भाऊ पुन्हा उतारावरून आले. पुन्हा ब्रेक. पोतं ढिम्म हाललं नाही. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. समोरच्या टपरीवरच्या दोघांनी वाजवल्या.

भाऊ उतरले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कळवतो."

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भिंतीवरून हाक आली की मोटर चालू करायचो, म्हणजे ऐकू येत नाही असं म्हणता यावं. शाळा उघडायला आठवडा राहिला. वर्षानं चिखलीत खोली पाहून ठेवल्याचं माझ्या बायकोला, शोभाला, सांगितलं. एका संध्याकाळी आम्ही अंगणात होतो आणि पलीकडे वर्षा धनूचे कपडे पिशवीत भरत होती. धनू मदत करत होती. तिची मदत म्हणजे, दोरीवरून भाऊंचं धोतर ओढायचं आणि पिशवीत कोंबायचं. वर्षा काढायची, ती पुन्हा कोंबायची. "आबाचं राह्यलं ना," ती ओरडत होती.

भाऊ भिंतीशी आले. "सुधाकर, मी काय म्हणतो, वरवट बकाललेबी एकाकडे ही सायकल हाये म्हणतात. एक चौकशी..."

माझं डोकंच फिरलं. "पुरे झालं भाऊ! शाळा उघडून राह्यली, पोरगी खोली घेऊन राह्यली, अन् तुमची चौकशी काही संपत नाही! वर्षाच्या लग्नाले तरी केली होती काय एवढी?"

तोंडातून गेलं ते गेलं. शोभा हातातलं ताट घेऊन होती तिथंच थांबली. मी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग?

भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी भिंतीवर कोपरं टेकली.

"नाही केली," ते म्हणाले. "चालून आलेलं स्थळ होतं. दूरचं, मोठं घर. दुसऱ्याच्या पोरीसाठी मी कोणाच्याबी ओट्यावर जाऊन बसतो, काहीबी विचारतो. मधल्या माणसाले चालते ते. पण पोरीच्या बापानं विचारलं का पाहुण्याइले राग येते. म्हणतात, बापच शंका घेऊन राह्यला, म्हणजे पोरीतच काही खोट असन. म्हणून गप बसलो. साऱ्या गावाले मी होतो सुधाकर. मले कोण होतं?"

मी मान खाली घातली.

"जावई मी हसतानाच पाह्यला," भाऊ म्हणाले. "रागात तिनं पाह्यला."

जावयाचा राग आधी भांड्यांवर निघायचा, एवढं आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं. पुढचं वर्षानं कोणाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

माझी बायको मात्र सरळ विचारणारी आहे. "अन् तिले विचारलं होतं काय भाऊ? वर्षाले? पसंत हाये का म्हणून?"

भाऊ तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांना तो प्रश्न नवा होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "पाहुण्याइनं पसंत हाये म्हणून सांगितलं, मी पेढे वाटले," ते हळू म्हणाले. "एवढ्या सोयरिकी केल्या शोभा. पोराले विचारलं, पोराच्या मायले विचारलं, मामाले विचारलं. पोरीले... एकीलेबी नाही विचारलं." आणि त्यांनी उपरण्यानं तोंड झाकलं. भिंत बुटकी. पलीकडे वर्षाचा हात पिशवीतच थांबला होता. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी पिशवीतून धोतर काही तिनं पुन्हा काढलं नाही.

वर्षाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच हाक आली. "सुधाकर, चाल. आज गाडी नको, बसनं जाऊ. वर्षा येते, धनूबी येते." मी मुकाट्यानं शटर ओढलं.

शोरूममध्ये भाऊंनी कोणाला काही विचारलं नाही. मॅडमनं सायकल बाहेर रस्त्याच्या कडेला आणून उभी केली. भाऊ एका बाजूला झाले. खाकरले, आणि मग म्हणाले, "वर्षा, तुले पसंत हाये काय?"

वर्षानं आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग सायकलकडे. तिच्याभोवती फिरली. धनूला उचलून खुर्चीत बसवलं, तिन्ही पट्टे लावले, ओढून पाहिले. ओढणी कमरेला खोचली आणि स्वतः चढली. मॅडमनं हात जोडलेलेच होते. वर्षानं पाय खाली सोडले. नुसते अंगठे टेकले.

ती उतरली. "नाही," म्हणाली.

एवढी उस्तवार केली, खामगाव झालं, ज्वारी सांडली, आणि ही नाही म्हणते? मी तोंड उघडलं, तर भाऊंनी माझं मनगट धरलं.

"काऊन बाई?"

"उंच हाये बाबा. सुट्टीच्या दिवशी मी नेईन ना धनूले. माहे पाय पुरते टेकले पाहिजेत. लेकरू मागं असताना अंगठ्यावर उभी राहू काय?"

भाऊ मॅडमकडे वळले. छाती भरून, मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी नाही म्हणते!" टपरीवरची माणसं वळून पाहायला लागली. मुलगी पहिली आल्याचं सांगताना बापाचा जसा चेहरा होतो ना, तसा चेहरा झाला होता त्यांचा.

"अहो काका, पण सीट खाली होते!" मॅडमनं घाईघाईनं खटका सोडला, सीट चार बोटं खाली सरकवली आणि आवळली. घ्या! एवढ्या चौकशीत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी उंच, भाऊ उंच, आणि ज्वारीला पाय नसतात.

वर्षा पुन्हा चढली. या खेपेला दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. ती लिंबाच्या झाडापर्यंत गेली, वळली. धनू मागून ओरडत होती, "आई, जोरात! आई, आनखी!" वर्षा आमच्यासमोर येऊन थांबली. तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. माहेरी आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आता हाव," ती म्हणाली. "खोलीवाल्याले फोन करून सांगते, खोली नको म्हणून."

भाऊंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी चाललं होतं, भर रस्त्यात, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"ऐकलं का सुधाकर? आधी नाही म्हणाली, मंग हाव म्हणाली. दोन्ही तिनंच म्हटलं."